पोर्ट-ओ-प्रिन्स : हस्तव्यवसाय व बाजार

पोर्ट-ओ-प्रिन्स ही कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाची राजधानी. लोखंडी पत्र्यातून कापलेल्या आकृती, मणी व टिकल्या जडविलेले ध्वज, रंगचित्रे, लाकडी व शिंगाच्या वस्तू, कागदाच्या लगद्याचे मुखवटे आणि स्त्रियांचे पारंपरिक पोशाख यांसाठी येथील बाजार प्रसिद्ध झाला. परदेशी प्रवासी या साऱ्यांची गणना प्रवासाची आठवण म्हणून न्यावयाच्या वस्तूंत करीत. तथापि त्यांपैकी सर्वोत्कृष्ट वस्तूंचा उगम दुकानात झालेला नाही, तर दफनभूमीत व देवघरात झाला आहे. त्या ग्राहकासाठी बनू लागल्या, त्या १९४४ नंतर.

खरेदीचे परंपरागत केंद्र म्हणजे ‘मार्शे आं फेर’ किंवा लोखंडी बाजार. राष्ट्राध्यक्ष फ्लॉर्व्हिल इपोलीत यांच्या कारकीर्दीत, १८९१ मध्ये, ही वास्तू उभी राहिली. तिचे सुटे भाग फ्रान्समध्ये तयार झाले होते. मनोऱ्यांसारखे चार बुरूज असलेले मधले प्रवेशद्वार व त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक विस्तीर्ण दालन अशी तिची रचना आहे. बुरुजांचा घाट पाहून ही इमारत मुळात कैरोच्या रेल्वे स्थानकासाठी बनविली होती, असे सांगण्यात येते. कथा रंजक आहे, पण तिला दंतकथेहून अधिक महत्त्व देऊ नये. उत्तरेकडील दालन २००८ च्या आगीत जळाले आणि १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने उरलेल्या भागाची मोडतोड केली. आयरिश उद्योजक डेनिस ओब्रायन यांच्या अर्थसाहाय्याने ही वास्तू वर्षभरात पुन्हा उभारण्यात आली व जानेवारी २०११ मध्ये खुली झाली. २०१८ मध्ये तेथे पुन्हा आग लागली.

धान्य, भाजीपाला, औषधी मुळ्या, पूजासाहित्य आणि कलावस्तू येथे शेजारीशेजारी विकल्या जात. घासाघीस हा व्यवहाराचा नेहमीचा भाग. परंतु नवख्याला खरी अडचण येई ती चलनाची. देशाचे चलन गूर्द असले, तरी विक्रेते किंमत ‘डॉलर’मध्ये सांगतात आणि हा डॉलर कोणत्याही नोटेवर छापलेला नाही. १९१२ पासून कित्येक दशके पाच गूर्दांचा एक अमेरिकी डॉलर असा दर ठरलेला होता. तो दर केव्हाच संपुष्टात आला, पण पाच गूर्दांना एक ‘हैती डॉलर’ म्हणण्याची रीत लोकांनी सोडली नाही. म्हणून वीस डॉलर मागणारा विक्रेता प्रत्यक्षात शंभर गूर्द मागत असतो आणि अलीकडील दराने ही रक्कम एका अमेरिकी डॉलरपेक्षाही कमी भरते. या बाजाराची सूत्रे मुख्यत्वे स्त्रियांच्या हाती आहेत. खेड्यांतून व परदेशांतूनही माल आणणाऱ्या या व्यापारी स्त्रियांना, कलकलाट करणाऱ्या एका पक्ष्याच्या नावावरून, ‘मादान सारा’ म्हणतात.

हस्तव्यवसायांत लोखंडी कातरकाम सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण होय. त्याचे माहेरघर राजधानीपासून सु. १३ किमी. अंतरावरील क्र्वा-दे-बुके या गावातील नोआय ही वस्ती. येथील लोहार झॉर्झ लियोतो (१८९९–१९९१) हा दफनभूमीसाठी लोखंडी क्रूस घडवीत असे. ड्यूइट पीटर्स या अमेरिकी शिक्षकाने १९४४ मध्ये राजधानीत ‘सांत्र दार’ हे कलाकेंद्र स्थापन केले होते. १९५३ च्या सुमारास त्याच्या पाहण्यात हे क्रूस आले व त्याने लियोतोला स्वतंत्र आकृती घडविण्यास उत्तेजन दिले. लियोतोमागून म्यूरा ब्रिएर, सेर्झ झोलिमो, गाब्रिएल ब्यँ-एमे इत्यादी कारागीर नावारूपास आले आणि पाहता पाहता सबंध वस्तीच या कामात गुंतली.

कच्चा माल म्हणजे तेलाची टाकून दिलेली, सु. २०० लिटरची पिंपे. पिंपाची दोन्ही तोंडे छाटून आत वाळलेली केळीची पाने किंवा गवत भरतात व ते पेटवून देतात. त्यामुळे उरलेले तेल व रंग जळून जातो. नंतर पिंप उभे चिरून उलगडतात आणि ठोकून सपाट करतात. मिळालेल्या पत्र्यावर खडूने आकृती रेखाटून ती छिन्नी-हातोडीने कापतात. कडा कानशीने घासतात, मागून ठोके देऊन उठाव आणतात व शेवटी गंज चढू नये म्हणून रोगण लावतात. सांधकाम जवळजवळ नसते. सारी आकृती एकाच पत्र्यातून निघते, यातच या कलेची शिस्त आहे. मत्स्यकन्या, जीवनवृक्ष, पक्षी व लोहाचा अधिष्ठाता मानलेला ओगू हे आवडते विषय. चांगला नग ओळखावयाचा तर कडेवरून बोट फिरवावे : घाईत केलेल्या कामाच्या कडा धारदार राहतात. भडक रंगांनी माखलेल्या लहान आकृती पुष्कळदा केवळ मागणीपोटी निघालेल्या असतात आणि रंगाखाली छिन्नीचे काम झाकले जाते.

मणी-टिकल्यांच्या ध्वजांना ‘ड्रापो’ म्हणतात. व्हूडू धर्माच्या विधींत देवतांच्या स्वागतासाठी असे ध्वज जोडीने मिरवतात. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर हजारो टिकल्या, प्रत्येकीवर एकेक मणी ठेवून, हाताने शिवतात. विधीच्या वेळी पिठाने जमिनीवर काढलेल्या रांगोळीवजा देवताचिन्हांचीच रूपे ध्वजांवर दिसतात, उदा., एझिली या देवीचे हृदय. या परंपरेला नवे वळण दिले मिर्लांद कॉन्स्तां यांनी. त्यांनी वधूवेशांवर मणीकाम करणाऱ्या कारखान्यात काम केले होते. तेथील टाके त्यांनी ध्वजात आणले व ध्वजाचे भव्य चित्र केले. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकात त्यांची कामे मांडली गेली.

चित्रांविषयी थोडक्यात एवढेच म्हणता येईल, की एक्टर इपोलीत (१८९४–१९४८) प्रभृतींच्या यशानंतर त्यांच्या शैलींच्या नकलांचे पीक आले. मुखवट्यांचा खरा गाव दक्षिण किनाऱ्यावरील झाक्मेल.

स्त्रियांचा ‘काराबेला’ हा घेरदार, झालरीचा पोशाख सणासमारंभात व लोकनृत्यात आढळतो. रोजच्या वापरात मात्र ‘पेपे’ म्हणजे अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांचे राज्य आहे. केनेडींच्या काळात हे कपडे येऊ लागले, म्हणून त्यांना ‘केनेडी’ असेही नाव पडले. या स्वस्ताईने गरिबांची लाज राखली हे खरे. पण शिंप्यांचा धंदा तिनेच बसविला.

या व्यवसायांचा पाया परदेशी ग्राहक हा होता आणि तो वारंवार ढासळला. १९८३ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने हैतीच्या लोकांची गणना एड्सचा विशेष धोका असलेल्या गटांत केली. १९८५ मध्ये ते वर्गीकरण मागे घेतले गेले, तोवर प्रवासी पाठ फिरवून गेले होते. २०१० च्या भूकंपात सांत्र दारची इमारत कोसळली; ढिगाऱ्यातून हजारो कलाकृती वाचविण्यात आल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील मेसीज या दुकानसमूहाने हैतीच्या हस्तवस्तूंची विक्री सुरू केल्याने कारागिरांना काही आधार मिळाला. राष्ट्राध्यक्ष झोव्हनेल मोईझ यांच्या २०२१ मधील हत्येनंतर सशस्त्र टोळ्यांनी राजधानीचा ताबा घेत नेला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ मधील अंदाजानुसार शहराचा सु. ९०% भाग त्यांच्या प्रभावाखाली होता. क्र्वा-दे-बुके हा तर ‘४०० मावोझो’ या टोळीचा बालेकिल्ला बनला आणि नोआयमधील अनेक लोहारांना भाते विझवून स्थलांतर करावे लागले.

त्यामुळे या वस्तू आज प्रामुख्याने देशाबाहेर विकल्या जातात. अमेरिकेतील व्यापारी मागणी नोंदवितात व माल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतो. शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात रस्तोरस्ती हैती शैलीची चित्रे टांगलेली असतात आणि कित्येक प्रवासी ती डॉमिनिकन कला समजूनच घरी नेतात.