घरावरील छत्री अद्याप कां निघाली नाहीं?

गेल्या दिवाळींत आमच्या आळींतील एका बागायतदाराचा मुलगा पुण्याहून घरीं आला, व आल्या दिवशींच त्यानें वडिलांस सुचविलें कीं, "अण्णा, घरावरची ही छत्री आतां काढून टाका. टीव्हीला लहानशी कांडी लावली म्हणजे सगळें इंटरनेटवर दिसतें." अण्णा हो म्हणाले नाहींत आणि नाहींहि म्हणाले नाहींत. मुलानें कांडी आणून लाविली, जुन्या डब्याची वायर काढून ठेवली व चार दिवसांनीं तो कामावर परत गेला. पुढें काय झालें तें यथावकाश सांगूं. येथें एवढेंच नमूद करतों कीं, छत्री जागेवर आहे; आणि अशा छत्र्या टिकून असलेलीं घरें आमच्या तालुक्यांत थोडीं नाहींत.

असें कां, हा प्रश्न निघाला म्हणजे शहरांतील मंडळी एक ठराविक उत्तर देतात, तें असें कीं, खेड्यांतील लोक नव्यास भितात. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. ज्यानें ठिबक बसविली, जो बाजारभाव मोबाईलवर पाहून माल कोठें न्यावयाचा तें ठरवितो, जो सातबाराचा उतारा घरबसल्या काढतो (आमच्या नोकरीच्या काळांत त्याच उताऱ्यासाठीं त्याला चावडीवर किती खेपा घालाव्या लागत, तें आम्हांस पक्कें ठाऊक आहे), तो नव्यास भितो असें म्हणावें तरी कसें? कारण दुसरें आहे, आणि तें पाण्याच्या उदाहरणानें चटकन ध्यानांत येईल.

छत्रीचें काम पावसासारखें आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह असतो व तो पृथ्वीच्या गतीनेंच फिरत असल्यामुळें आपणांस आकाशांत एकाच जागीं स्थिर भासतो. दूरदर्शनची विनामूल्य सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो नोव्हेंबर २०१५ मध्यें सोडलेला असून ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणूनच आपल्याकडील त्या सेवेच्या छत्र्यांचीं तोंडें आग्नेयेस वळलेलीं दिसतात. त्या एका ठिकाणाहून लहरी सबंध देशावर सारख्या पडतात. गांवांत दहा छत्र्या असोत कीं पांचशें असोत, शेजाऱ्यानें एक छत्री वाढविली म्हणून आपल्या वाट्यांतून थेंबहि कमी होत नाहीं.

इंटरनेटवरून येणारें चित्र हें पाटाचें पाणी होय. प्रत्येक घरास तें वेगळें सोडावें लागतें. सायंकाळीं आठ वाजतां सगळा गांव एकाच टॉवरवर ओढूं लागला म्हणजे शेपटाकडील शेतकऱ्याची जी गत पाटावर होते तीच येथें होते. पडद्यावर एक चक्र गरगरत राहतें व घरांतील माणसें त्याकडे पाहत बसतात. त्यांतून पाटणकडील डोंगरांत एखादी वाडी अशी असते कीं, मोबाईलला रेंज मिळावी म्हणून खिंडीपर्यंत चालत जावें लागतें. तेथें छत्री कां ठेवली, हें विचारण्याचेंहि कारण नाहीं. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना सरकारनें २०११ सालीं हातीं घेतली व तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें. परंतु तार पंचायतीच्या कचेरींत येणें आणि ती वस्तीवरच्या घरांत येणें यांत फार अंतर आहे. कालव्याचें पाणी शिवारांत आलें म्हणजे आपल्या वाफ्यांत आलें असें थोडेंच होतें?

शेतकरी आणि दूरचित्र यांचा संबंध आजचा नव्हे. 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजीं दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठीं सुरू झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें, व त्याचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम पाहून पेरणीचे बेत करणारे शेतकरी आम्हीं स्वतः पाहिले आहेत. उपग्रहावरून थेट खेड्यांत चित्र उतरविण्याचा प्रयोग १९७५-७६ सालीं अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० गांवांत झाला. महाराष्ट्र त्यांत नव्हता, पण आपल्या हद्दीलगतचे विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे होते. त्या वेळची छत्री कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची व दहा फुटी असे. घरोघरची छत्री फार पुढें आली. दूरदर्शनची विनामूल्य सेवा डिसेंबर २००४ मध्यें निघाली व पुढें तिचें 'फ्री डिश' असें नामकरण झालें. जमिनीवरचे जुने मनोरे तर २०२२ च्या मार्चपर्यंत मोजके सोडून बंद करण्यांत आले. त्यामुळें छपरावरील काड्यांच्या अँटेनावर दूरदर्शन पाहणारासहि छत्रीवांचून दुसरा स्वस्त मार्ग उरला नाहीं.

आतां हिशेब पाहूं. फ्री डिशची छत्री व डबा बसविण्यास एकदांच दीड-दोन हजार रुपये लागतात. नंतर दरमहा देणें कांहीं नाहीं. जुना फुगीर काचेचा टीव्ही असला तरी पिवळी, पांढरी व तांबडी अशा तीन वायरींनीं तो चालतो. खाजगी कंपनीची छत्री असेल तर मात्र दरमहा भरणा आला. २०१९ सालीं नवे दरनियम लागू झाले तेव्हां पहिल्या १०० वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीस १३० रुपये व वर कर अशी मर्यादा होती; ती मर्यादा २०२४ सालीं उठली. इंटरनेटच्या बाजूस पाहावें, तर दिवसास दीड किंवा दोन गिगाबाईट देणारा भरणा महिन्यास एका फोनमागें तीनशें रुपयांच्या आसपास पडतो. आणि साधारण प्रतीचें चित्र पाहण्यास तासास पाऊण ते एक गिगाबाईट, स्वच्छ चित्रास त्याच्या दुप्पट-तिप्पट खर्ची पडतो. म्हणजे अडीच तासांचा एक चित्रपट झाला कीं घरच्या कर्त्याचा दिवसाचा कोटा संपला. ५जी पोंचलेल्या गांवीं ही अडचण सैल होते, हें खरें. पण तेथें फोनहि त्याच प्रतीचा लागतो. शिवाय ज्या ॲपवर चांगलें कांहीं असेल त्याची वर्गणी निराळी. ऊस कारखान्यास जाऊन बिल हातीं येईपर्यंतचे महिने ज्यानें काढले आहेत, त्यास दरमहाचा भरणा आणि एकदांचा खर्च यांतील फरक समजावून सांगावा लागत नाहीं.

तथापि पैशापेक्षांहि मोठें कारण आम्हांस अण्णांच्या घरीं दिसून आलें. मुलानें लाविलेल्या कांडीस इंटरनेट मिळत होतें तें अण्णांच्या फोनवरून. अण्णा सकाळीं सातास मोटर चालू करण्यास रानांत जात, कीं टीव्ही आंधळा होई. घरीं त्यांची ऐंशी वर्षांची आई. तिला दुपारचें कीर्तन व सायंकाळच्या बातम्या एवढेंच लागतें. जुन्या रिमोटवर कोणता आंकडा कोठें आहे तें तिच्या बोटांस ठाऊक. त्या बटणांवरचे आंकडे केव्हांच पुसले आहेत. नव्या कांडीच्या रिमोटवर आंकडेच नाहींत. म्हातारी तीन दिवस कांहीं बोलली नाहीं, बंद पडद्यासमोर बसून वाती वळीत राहिली. चौथ्या दिवशीं अण्णांच्या मंडळींनीं स्टुलावर चढून जुनी वायर डब्यास पुन्हां जोडून दिली व कांडी कपाटांत ठेवली. अण्णांनीं तें संध्याकाळीं पाहिलें, पण विषय काढला नाहीं.

फोन ज्याचा त्याचा असतो. तो खिशांतून निघून जातो. छत्री घराची असते. मुलगा परगांवीं, कर्ता रानांत, सून गोठ्यांत, तरी जो घरीं उरला त्याचा तिच्यावर हक्क शाबूत राहतो. खात्यावर कुणाचें नांव आहे तें पाहून पाऊस पडत नाहीं.

छत्रीचे दोष आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पहिला दोष असा कीं, मुसळधार पाऊस लागला म्हणजे लहरी ढगांतील पाण्यानें क्षीण होतात व हवामानाची बातमी जेव्हां हवी नेमकी तेव्हांच चित्र फुटतें. वर्षांतून दोनदां, मार्चच्या व ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागें येतो, तेव्हां कांहीं दिवस रोज थोडीं मिनिटें अडथळा होतो. तो आपला बिघाड समजून कारागिरास बोलावूं नये. हवामानाच्या कामीं तर फोनच सरस आहे. विजेची पूर्वसूचना देणारें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' ॲप ज्या वाचकांनीं अद्याप घेतलें नसेल त्यांनीं तें अवश्य घ्यावें. छत्री आणि फोन यांत वैर मानण्याचें कारण नाहीं. विहीर असली म्हणून कोणी पाटाची पाळी सोडीत नाहीं.

काळजीची गोष्ट निराळीच आहे. फ्री डिशवरील जागांचा लिलाव होतो व बोली लावील त्या वाहिनीस जागा मिळते. मोठ्या कंपन्यांनीं २०१९ सालीं आपल्या लोकप्रिय वाहिन्या तेथून काढून घेतल्या, मग परत आणल्या, आणि एप्रिल २०२२ मध्यें पुन्हां काढल्या. क्रिकेटचीच गोष्ट घ्या. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनास द्यावेत असा कायदा २००७ सालचा आहे. परंतु हें चित्र दूरदर्शननें आपले मनोरे व आपली विनामूल्य सेवा यांवरच दाखवावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला. म्हणजे ज्याच्या घरीं फ्री डिश आहे त्यास तो सामना फुकट, आणि ज्यानें खाजगी छत्रीस पैसे भरले त्यास मात्र दूरदर्शनवर तो दिसत नाहीं! मनोरंजन असें येवो-जावो. पण शेतीच्या माहितीस मराठींतून आकाशांत कायमची जागा असावी, ती बोलीवर अवलंबून नसावी, एवढी मागणी आपल्यासारख्या संघांनीं लेखी करण्यास हरकत नाहीं. दूरदर्शनची स्वतंत्र किसान वाहिनी मे २०१५ मध्यें निघाली खरी, परंतु हिंदींतील सल्ला आपल्या काळ्या रानास व आपल्या वाणांस दर वेळीं जुळतोच असें नाहीं.

ज्यांस छत्री ठेवावयाची आहे त्यांनीं मृगापूर्वीं एकदां वर चढून पाहावें. खांबाचे नट गंजले असल्यास बदलावेत. वाऱ्यानें छत्री दोन बोटें सरली तरी चित्र जातें. पुढील एल.एन.बी.च्या तोंडावरची टोपी फुटली असल्यास आंत पाणी शिरतें. वायरीच्या जोडास रबरी टेप गुंडाळावी, व आग्नेयेकडील झाडाची फांदी वाढली असल्यास ती छाटावी. अण्णांनीं परवां शेवग्याची एक फांदी तोडली व खांबास नवा क्लँप बसविला. मुलगा गणपतीस येणार आहे.