नेट गेलं की दोष स्विचलाच का?

जळगावच्या एमआयडीसीतलं डाळमिलचं ऑफिस असो की धुळ्यातल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, नेट गेलं की पहिला हात जातो भिंतीवरच्या लुकलुकणाऱ्या डबीकडे. पण इंटरनेट आणणं हे स्विचचं कामच नाही, ते राउटरचं. बाहेरची फायबर तुटली तरी आतले कॉम्प्युटर आणि प्रिंटर स्विचमार्फत एकमेकांशी बोलत राहतात.

स्विच म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, आलेलं सगळं सगळ्यांना वाटणारा, हा समज पक्का बसलाय. असं वागायचा तो जुना हब. स्विच आधी शिकतो. तिसऱ्या पोर्टवरच्या कॉम्प्युटरने प्रिंटरला बिल पाठवलं, की त्या कॉम्प्युटरचा ४८ बिटांचा मॅक पत्ता ‘पोर्ट ३’ म्हणून नोंदला जातो. प्रिंटर कुठे आहे हे अजून माहीत नसेल, तर पहिला निरोप उरलेल्या सगळ्या पोर्टांवर जातो. पाचव्या पोर्टवरून प्रिंटरचं उत्तर आलं, की तीही नोंद होते आणि पुढचं सगळं तीन ते पाच, थेट. बराच वेळ, बहुतेक स्विचमध्ये ३०० सेकंद, कुणी बोललंच नाही तर नोंद पुसली जाते.

म्हणूनच आठ पोर्टांच्या गिगाबिट स्विचमध्ये वेग आठांत विभागला जात नाही. चार जोड्या एकाच वेळी पूर्ण वेगाने बोलू शकतात. वाटून घ्यावी लागते ती राउटरकडे जाणारी एकच लाइन.

जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. तिचे सहसंस्थापक होते विनोद भारद्वाज. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: दोन स्विचमध्ये दोन वायरी टाकल्या की वेग दुप्पट. साध्या स्विचमध्ये याने लूप तयार होतो. लॅबमध्ये लोंबकळणारं टोक दिसलं आणि कुणी ते रिकाम्या पोर्टमध्ये खोचलं, तरी हेच घडतं. सगळ्यांना उद्देशून निघालेला एक निरोप गोल फिरू लागतो, प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती निघतात. इथरनेटच्या निरोपाला आयुष्याची मर्यादाच नसते, त्यामुळे तो आपोआप मरत नाही. काही क्षणांत सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकतात आणि सगळी लॅब ठप्प. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. पण स्वस्त स्विचमध्ये तो बहुधा नसतो. तिथे उपाय एकच: एकेक वायर काढून दिवे कधी शांत होतात ते पाहणं.

आणि खानदेशात एक गोष्ट आवर्जून पाहावी. साध्या स्विचच्या माहितीपत्रकात बहुतेकदा ० ते ४० अंश तापमान लिहिलेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो; पत्र्याखालच्या बंद कपाटात त्याहूनही वर. तिथे हवा खेळती ठेवावी, नाहीतर जास्त तापमान सोसणारा औद्योगिक स्विच घ्यावा.