हाड पोखरणाऱ्या आपल्याच पेशी

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा महिना. गाठ चाचपून पाहा, मॅमोग्राफी करा, हे आता बहुतेकींना पाठ आहे. पण गाठ काढल्यावर काही वर्षांनी तोच आजार कमरेत, मणक्यात का उगवतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. पसरताना हा आजार सर्वाधिक वेळा हाडंच गाठतो.

लंडनच्या स्टीफन पेजेट यांनी १८८९ साली या आजाराने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून म्हटलं होतं, की बी सगळीकडे पडलं तरी मानवेल त्याच जमिनीत रुजतं. हाडातली जमीन तयार करतात त्या ऑस्टिओक्लास्ट पेशी, रोगजंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्याच कुळातल्या. अशी पेशी हाडाला चिकटते, कडा घट्ट मिटून घेते आणि आतल्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते. त्यात खनिज विरघळतं. मग कॅथेप्सिन-के हे एन्झाइम उरलेला कोलॅजेनचा सांगाडा कापून काढतं. हा खड्डा एरवी दुसऱ्या पेशी बुजवतात. कर्करोग मात्र पोखरणाऱ्यांची संख्याच वाढवतो, आणि हाडातून सुटलेली वाढीची द्रव्यं पुन्हा त्यालाच पोसतात.

मग एन्झाइमच का रोखू नये? ओडानाकॅटिब हे औषध नेमकं तेच करायचं. हाडांच्या ठिसूळपणावरच्या चाचण्यांत पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि मर्क कंपनीने २०१६ मध्ये ते सोडून दिलं. एन्झाइम रोखणाऱ्या एखाद्या नव्या औषधाच्या बातमीने हरखून जाण्याआधी हे आठवावं.

मला जास्त भरवसा वाटतो तो जुन्या झोलेड्रोनिक ॲसिडचा. ते पोखरणारी पेशीच निकामी करतं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली अनेक चाचण्यांचं एकत्र विश्लेषण आलं. पाळी थांबलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर या गटातली औषधं दिल्यावर हाडात आजार उलटण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. दहा वर्षांत शंभरामागे साधारण तिघींचे जीव वाचले. पाळी सुरू असलेल्यांना असा फायदा दिसला नाही.

स्वस्त उपायांचा पाठपुरावा करणारी संस्था पनवेलकरांच्या शेजारीच आहे. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा स्मारक केंद्राचंच अंग. याच केंद्राच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६०० स्त्रियांवर साधी गोष्ट करून पाहिली: गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं इंजेक्शन. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या कमी पैशांत एवढं पदरात पडत असेल, तर प्रत्येक शस्त्रक्रियागृहात ते व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

पाळी थांबलेली असेल, तर झोलेड्रोनिकबद्दल आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण क्वचित जबड्याचं हाड बिघडतं. मूत्रपिंडं नीट चालतात का हे कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिनही पाहावं लागतं. आणि उपचार होऊन गेलेल्या बाईची पाठ रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर बाम चोळत महिने काढू नका.