पाहणाऱ्याला कोण पाहते? : ब्राउझरच्या निवडीविषयी काही विचार

रविवारी सकाळी आबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांचे वाचन तेथेच वाढले. कल्पना करा की, आपण त्या बाजारात मधुमेहावरचे एक पुस्तक उचलतो, चाळतो आणि परत ठेवतो. मागे उभा असलेला एक अनोळखी इसम वहीत त्याची नोंद करतो, पुढच्या प्रत्येक दुकानापर्यंत आपल्यामागून येतो आणि सायंकाळी ती वही औषधविक्रेत्यास विकतो. असे घडले तर आपण त्यास तत्काळ जाब विचारू. संगणकाच्या वा मोबाईलच्या पडद्यावर हेच नित्य घडत असते. तेथे आपण जाब विचारीत नाही, कारण तो इसम आपल्याला दिसत नाही.

ही वही कशी लिहिली जाते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. इंटरनेटवरील पाने ज्या साधनाने आपण वाचतो त्यास ब्राउझर म्हणतात. काही मराठी जाणकारांनी त्यास 'न्याहाळक' असा सुंदर प्रतिशब्द दिला आहे. 1994 साली नेटस्केप या कंपनीतील लू मोंटुली यांनी 'कुकी' नावाची युक्ती योजिली. संकेतस्थळाने आपल्या संगणकावर एक लहानशी खूण ठेवावी आणि पुढील भेटीत ती पाहून आपल्याला ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. परंतु वृत्तपत्राच्या पानावरील जाहिरात बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते आणि तीही आपली खूण ठेवते. तीच कंपनी औषधांच्या व प्रवासाच्या पानांवरही जाहिराती देत असल्याने सर्वत्र तिला आपली तीच खूण सापडते. सुट्या नोंदींची अशा रीतीने एक अखंड वही तयार होते.

“आम्ही काय लपवितो? मग भिण्याचे कारण काय?” असे पुष्कळ सज्जन विचारतात. निजामी अमलात सभा भरवावयाची तर आधी सरकारी परवानगी लागे. 'गश्ती निशाण 53' हे नाव येथील जुन्या मंडळींनी घरोघरी ऐकलेले आहे. सभा भरविणारे काही अपराधी नव्हते. परंतु आपल्यावर कोणाची तरी नजर आहे, ही जाणीव मनुष्याचे बोलणे आणि वाचणे बदलून टाकते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावर न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. शरद बोबडे हे दोघे मराठी न्यायमूर्ती होते. पुढे 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायद्याची पावले मंद असतात. ब्राउझर मात्र आज सायंकाळीही बदलता येतो.

या प्रश्नाला पैशाचीही बाजू आहे. माझ्या एका वयोवृद्ध आप्तांनी बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधला. सर्वांत वर जे उत्तर आले ती वस्तुतः जाहिरात होती आणि तिच्यातील क्रमांक ठकाचा होता. निवृत्तिवेतनातून साठविलेली रक्कम तासाभरात गेली. अशाच फसवणुकींमुळे डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांना शोध घेताना जाहिरातरोधक वापरण्याचा सल्ला दिला होता. जाहिरातरोधकाजवळ जाहिरातदारांच्या पत्त्यांची यादी असते. त्या पत्त्यांवर तो मागणीच पाठवीत नाही. म्हणून जाहिरात दिसत नाही आणि बहुतांशी खूणही उमटत नाही. एकाच उपायाने दोन्ही कामे साधतात ती अशी.

आता निवडीकडे वळू. गुगलचा क्रोम सर्वाधिक प्रचलित आहे. मात्र त्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे विसरता कामा नये. तिऱ्हाइतांच्या कुकीज बंद करण्याचा मनोदय तिने 2020 साली जाहीर केला आणि 2024 साली तो सोडून दिला. विस्तारकांच्या नव्या नियमांमुळे 'यूब्लॉक ओरिजिन' हा समर्थ जाहिरातरोधकही 2024-25 या काळात क्रोमवरून गेला; त्याची सौम्य आवृत्ती तेवढी उरली. ॲपलच्या सफारीने मार्च 2020 पासून तिऱ्हाइतांच्या सर्व कुकीज रोखल्या आहेत. ब्रेव्हमध्ये जाहिराती रोखण्याची सोय मुळातच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज जणू स्वतंत्र बरणीत बंद ठेवतो. यूब्लॉक ओरिजिन त्यात पूर्ण क्षमतेने चालतो, अँड्रॉइड मोबाईलवरसुद्धा. क्रोमला मोबाईलवर असे विस्तारक मुळीच जोडता येत नाहीत. फायरफॉक्सचा कारभार मराठीतूनही चालविता येतो. तथापि त्याच्या चालकांचे बरेचसे उत्पन्न गुगलबरोबरच्या करारातूनच येते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सर्वस्वी निर्दोष असे साधन कोणतेच नाही.

दोन गैरसमज मात्र दूर झाले पाहिजेत. 'इन्कॉग्निटो' ही खिडकी केवळ आपल्याच यंत्रावरील इतिहास पुसते. संकेतस्थळे आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी यांच्यापासून ती काही लपवीत नाही. दुसरे असे की, कुकीज रोखल्या म्हणजे सारे संपले असे नव्हे. पडद्याचा आकार, अक्षरटंक, यंत्राची घडण यांवरूनही बोटांच्या ठशाप्रमाणे माणूस ओळखता येतो.

जाहिरातीवर जगणाऱ्या वृत्तपत्रांचे काय, हा आक्षेप रास्त आहे. ज्यांचे लेखन आपण आवडीने वाचतो त्यांची वर्गणी भरावी किंवा त्यांच्या पानापुरता रोधक उठवावा. उपकाराची फेड उघडपणे करावी. नकळत आपली वही विकली जाऊ देऊन नव्हे.

माझा सल्ला थोडक्यात असा. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घेऊन त्यास यूब्लॉक ओरिजिन जोडावा. ते जिकिरीचे वाटल्यास ब्रेव्ह घ्यावा. बँकेचा क्रमांक शोधून काढू नये, पासबुकावरून वा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. माजी विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या मोबाईलसाठी पंधरा मिनिटे द्यावीत. ज्यांनी आपल्याला अक्षरे गिरविण्यास शिकविले, त्यांचे वाचन निर्वेध ठेवणे हे आपल्याकडे आलेले काम आहे.