ब्लॉकचेनवर गर्दी झाली की शुल्क का वाढते?



आठवी-नववीची मुले हल्ली बिटकॉइन, इथेरियम ही नावे सहज घेतात. त्यातलाच एखादा विचारतो, "सर, पाठवायचे शुल्क कधी कमी, कधी जास्त असं का?" प्रश्न चांगला आहे. चला, समजून घेऊया.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली सामाईक वही. तिचे एक पान म्हणजे ब्लॉक. बिटकॉइनमध्ये साधारण दर 10 मिनिटांनी नवे पान जोडले जाते, इथेरियममध्ये दर 12 सेकंदांनी. पानावरची जागा मात्र ठरलेली! नोंदी जास्त आल्या की काहींना थांबावे लागते. मग आधी नंबर कोणाचा? बिटकॉइनमध्ये सहसा जागेसाठी जास्त शुल्क देणाऱ्याचा. म्हणजे एक प्रकारचा लिलावच.

इथेरियममध्येही पूर्वी असेच होते. डिसेंबर 2017 मध्ये डिजिटल मांजरांच्या 'क्रिप्टोकिटीज' या खेळामुळे तिथे मोठी कोंडी झाली. पुढे ऑगस्ट 2021 मध्ये नियम बदलला. आता मूळ शुल्क नेटवर्कच ठरवते. ब्लॉक निम्म्याहून जास्त भरला तर पुढच्या ब्लॉकचे शुल्क वाढते, कमी भरला तर उतरते. एका वेळी फरक जास्तीत जास्त 12.5 टक्के. हे मूळ शुल्क कोणालाच मिळत नाही, ते नष्ट केले जाते. त्यामुळे ब्लॉक बनवणाऱ्याला खोटी गर्दी दाखवून कमाई करता येत नाही. त्याला मिळते ती वरची टिप.

आता वर्गात हे गणित घालून बघा. सलग 6 ब्लॉक पूर्ण भरले, तर 100 चे मूळ शुल्क किती होईल? चक्रवाढीने सुमारे 203! म्हणजे 72 सेकंदांत दुप्पट.

सगळ्यात महत्त्वाचे पुढेच आहे. हे शुल्क रकमेवर नाही, तर नोंदीला लागणाऱ्या जागेवर आणि कामावर ठरते. समजा, शुल्क 80 रुपये आहे. 2 लाख पाठवणाऱ्याला ते जाणवणारही नाही. पण 200 रुपये पाठवणाऱ्याचे 40 टक्के गेले की हो! गर्दी आवरते खरी, पण मागे हटतो तो छोटा माणूस.

म्हणून मुलांना दोन प्रश्न विचारायची सवय लावा: शुल्क कशावर ठरते? आणि ते कोणाला जड जाते? बँक असो वा ब्लॉकचेन, हे प्रश्न सगळीकडे उपयोगी पडतील.