डांग्या खोकल्याची रक्तातली नोंद

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत लोकांचे रक्त तपासले गेले. झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांत करोनाची प्रतिपिंडे सापडली आणि ‘सेरो सर्वेक्षण’ हा शब्द घरोघरी पोचला. श्वसनमार्गाच्या जिवाणूंसाठी मात्र ही पद्धत त्याआधीपासून वापरात आहे. त्यातले सर्वांत बोलके उदाहरण डांग्या खोकल्याचे.

हा आजार ‘बोर्डेटेला पर्टुसिस’ या जिवाणूमुळे होतो. ज्यूल बोर्डे आणि ऑक्टाव्ह झाँगू यांनी १९०६ मध्ये ब्रुसेल्सला तो वेगळा केला. त्यासाठी त्यांनी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून खास माध्यम तयार केले, कारण हा जिवाणू प्रयोगशाळेत सहज वाढत नाही. शिवाय तो सापडतो पहिल्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे आजार नुसत्या सर्दीसारखा वाटत असतो तेव्हा. एवढ्यासाठी दवाखान्यात कोण जाते? उबळीवर उबळ येऊ लागली, रात्रीची झोप उडाली की रुग्ण येतो. तोवर नाकामागून घेतलेल्या स्वॅबमध्ये जिवाणू सापडण्याची शक्यता बरीच कमी झालेली असते. पीसीआर चाचणी तीन-चार आठवड्यांपर्यंत साथ देते. त्यानंतर पुरावा उरतो तो रक्तात.

मोठ्या माणसांत तर आजार ओळखूच येत नाही. लसीचे संरक्षण साधारण ४ ते १२ वर्षांत ओसरते, आणि आजार होऊन गेला तरी जन्मभराची हमी नसते. पुन्हा संसर्ग झाला की मोठ्यांना अनेकदा नुसता रेंगाळणारा खोकला होतो. लहान मुलांत उबळीनंतर श्वास आत ओढताना येतो तो आवाज नसतो. क्षयरोगासाठी थुंकी तपासली जाते (ती तपासायलाच हवी), एक्स-रे होतो, दोन्ही ठीक निघतात, आणि ‘अ‍ॅलर्जी असेल’ म्हणून खोकल्याच्या बाटल्या सुरू होतात. केसपेपरवर डांग्या खोकला लिहिला जात नाही, त्यामुळे सरकारी आकड्यातही तो येत नाही.

रक्त तपासण्यातही एक अडचण आहे. करोनाच्या पहिल्या लाटेत लस नव्हती, म्हणून प्रतिपिंडे दिसली की संसर्ग झाला हे उघड होते. डांग्या खोकल्याची लस जवळपास सगळ्यांनाच लहानपणी दिलेली असते. त्यामुळे इथे प्रतिपिंडे आहेत की नाहीत यापेक्षा ती किती आहेत हे महत्त्वाचे ठरते. मोजली जातात ती जिवाणूच्या ‘पर्टुसिस टॉक्सिन’ या विषाविरुद्धची प्रतिपिंडे, कारण हे विष दुसरा कुठलाही जिवाणू तयार करत नाही. संसर्गानंतर त्यांची पातळी झपाट्याने चढते आणि पुढच्या काही महिन्यांत उतरत जाते. म्हणून एका मिलिलिटरमध्ये शंभरच्या आसपास किंवा जास्त एकके आढळली आणि वर्षभरात लस घेतलेली नसली, तर संसर्ग अलीकडचाच असे धरतात. रेषा नेमकी कुठे आखायची यात देशादेशांत थोडा फरक आहे.

नेदरलँड्समध्ये १९९५-९६ आणि २००६-०७ मध्ये सर्व वयोगटांतील लोकांचे रक्त असे तपासले गेले. या देशात बहुतेक प्रत्येक बाळाला लस मिळते. तरीही नऊ वर्षांवरील लोकांत वर्षभरातील संसर्ग सुचवणारी पातळी पहिल्या वेळी ४ टक्के आणि दुसऱ्या वेळी ९.३ टक्के लोकांत दिसली. नोंदलेले रुग्ण या तुलनेत नगण्य होते. रक्तावरून काढलेला अंदाज त्यांच्या शेकडो पट होता. यावरून लस निरुपयोगी आहे असे म्हणणे चूक ठरेल. लसीमुळे मुलांचे मृत्यू टळतात. जिवाणूचा फिरता प्रवास मात्र थांबत नाही.

या प्रवासाची झळ बसते ती तान्ह्या बाळांना. आपल्याकडे पहिला डोस सहाव्या आठवड्यात दिला जातो. त्याआधी घरातल्या कुणाच्या साध्या वाटणाऱ्या खोकल्यातून संसर्ग झाला तर बाळाला धड खोकताही येत नाही. ते निळे पडते, श्वास मध्येच थांबतो. अशा बाळाची प्रतिपिंड चाचणी करून उपयोग नसतो, कारण त्याच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. तिथे स्वॅब आणि पीसीआरच हवे, आणि निकालाची वाट न पाहता उपचार. मोठ्यांनाही प्रतिजैविक लवकर सुरू झाले तरच संसर्ग पसरणे थांबते. महिना उलटल्यावर दिलेल्या गोळ्यांनी खोकला फारसा कमी होत नाही.

भारतात गोवर, डेंग्यू, करोना यांच्यासाठी मोठी सेरो सर्वेक्षणे झाली आहेत. रक्ताचे नमुने नीट गोठवून ठेवले असतील, तर त्यांतच पर्टुसिस टॉक्सिनची प्रतिपिंडेही मोजता येतात. कोणत्या वयात संसर्ग सर्वाधिक फिरतो हे त्यातून कळेल आणि पुढचा बूस्टर कुणाला द्यायचा याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. सध्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, तसेच गरोदरपणात सरकारी केंद्रांवर मिळणारी ‘टीडी’ लस धनुर्वात आणि घटसर्पाची आहे. डांग्या खोकल्याचा घटक असलेली ‘टीडॅप’ खासगीत घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये ती २०१२ पासून प्रत्येक गरोदर स्त्रीला देऊ केली जाते. आईत तयार झालेली प्रतिपिंडे नाळेतून बाळात उतरतात आणि त्याचा पहिला डोस होईपर्यंत पुरतात.