घरदुरुस्तीचा ठेका आणि मालाच्या खर्चाची जोखीम

घराच्या दुरुस्तीचे काम अर्ध्यावर आले असता ठेकेदाराने माल महागल्याचे सांगून वाढीव रक्कम मागावी व घरमालकाने ती नाकारावी, हा प्रसंग नित्याचा आहे. जुना गिलावा खरवडलेला, लादी उखडलेली, आगाऊ रक्कम दिलेली. अशा स्थितीत मालकास दुसरा ठेकेदार शोधणे जवळजवळ अशक्य असते. या तंट्यास सामान्यतः लबाडीचा तंटा समजले जाते. वस्तुतः पुष्कळदा त्याच्या मुळाशी दोन भिन्न जोखमींची गल्लत असते: एक दराची, दुसरी परिमाणाची.

दरासंबंधीचा कायदा बराचसा स्पष्ट आहे. मालासह ठोक रकमेचा ठेका असेल व दरवाढीचे कलम त्यात नसेल, तर वाढ ठेकेदाराने सोसावयाची. युद्धकाळात सैन्यास तूप पुरविण्याच्या करारावरून उद्भवलेल्या अलोपी परशाद विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, केवळ भाव असाधारण चढले एवढ्याने करार निष्फळ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली ठरविले. तुपाचा न्याय सिमेंटासही लागू आहे.

परिमाणाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, आणि दुरुस्तीचे काम नव्या बांधकामाहून वेगळे ठरते ते येथेच. जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते. १२ मिलिमीटर गिलावा गृहीत धरला असता प्रत्यक्षात सरासरी २० मिलिमीटर चढवावा लागला, तर तेवढ्याच क्षेत्रफळास दोनतृतीयांश माल अधिक लागतो. सिमेंटाचा भाव एका पैशानेही वाढलेला नसतो. वाळूची कथा याहून विचित्र आहे. ती ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने, विकत घेतली जाते. परंतु बारीक वाळूत सुमारे ५ टक्के ओल असता तिचे आकारमान एकचतुर्थांशाने फुगू शकते. तेव्हा एका ब्रासमध्ये कोरडी वाळू ८० घनफूटच भरते. येथे कोणी कोणास फसविलेच असेल असे नाही. पण तूट कोणाच्या तरी खाती पडतेच.

केवळ मजुरीचा ठेका देऊन माल स्वतः आणल्यास भाव मालकाच्या डोळ्यांसमोर राहतो. तथापि, मग माल जपून वापरण्यात गवंड्याचा कोणताच लाभ उरत नाही. प्रत्यक्ष खर्चावर शेकडा काही रक्कम देण्याची पद्धत तर त्याहून सदोष म्हणावी लागेल, कारण तीत खर्च वाढेल तसा ठेकेदाराचा मोबदलाही वाढतो. दुरुस्तीच्या कामात बाबवार दर ठरवून प्रत्यक्ष मोजणीने रक्कम देणे त्यातल्या त्यात न्याय्य; मात्र गिलाव्याच्या दराबरोबर त्याची जाडीही लिहिलेली असली पाहिजे.

करारात नसलेले काम निघाल्यास, उदाहरणार्थ गिलाव्यामागे कुजलेली तुळई सापडल्यास, भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७० लागू होऊ शकते: विनामूल्य करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने भरपाई दिली पाहिजे. परंतु नको असलेले काम नाकारण्याची संधी मालकास मिळालेली असावी लागते. शिवाय गिलावा चढल्यावर आतील काम मोजता येत नाही; त्यामुळे अशा कामाची मोजणी, ते झाकले जाण्यापूर्वी, उभयतांच्या सहीने नोंदविलेली नसेल तर मागणी सिद्ध करणे ठेकेदारासच जड जाते.